दोन घरांमधला बोळ

"काय करतंय आज ते पोरगं?"

सकाळी साडेसहाच्या सुमारास सांगलीत, गावभागातल्या आमच्या घराच्या दारात पेपर पडला की आतल्या खोलीतून आजीचा हा प्रश्न यायचा. ते पोरगं म्हणजे पेपरातल्या रोजच्या चित्रमालिकेतला चिंटू. मी पहिलीत असताना काचबिंदूनं आजीची नजर गेली. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. त्याआधी ती रोज पेपर वाचायची, आणि तोही चिंटूपासून सुरू करायची. नजर गेल्यावर बातम्यांसाठी तिला रेडिओ पुरला. चिंटू काही रेडिओवर लागत नव्हता. मला तिसरीत घडाघडा वाचता यायला लागलं तेव्हा हे काम माझ्याकडं आलं, आणि पुढची सहा वर्षं माझ्याकडंच राहिलं.

पहिले काही दिवस मी नुसते बोलण्याचे फुगे वाचले. एका फुग्यातलं वाक्य, लगेच दुसऱ्यातलं, लगेच तिसऱ्यातलं. एका दमात. आजी हसली नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी म्हणाली, "बाई, सगळी माणसं तू एकाच घरात कोंबतीयस. किती घरं आहेत तिथं?"

"तीन."

"मग या घरातनं त्या घरात जायला वाट असेल की काहीतरी."

मी नीट बघितलं. दोन चौकटींच्या मध्ये पांढरी पट्टी होती, माझ्या करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद. आमच्या आणि शेजारच्यांच्या भिंतींमध्ये तसाच एक बोळ होता, माणूस आडवा होऊनच जाईल एवढा. "बोळ आहे," मी म्हणाले.

"मग बोळातनं चालत जा की. उडी कशाला मारतीयस?"

तेव्हापासून आमच्यात चौकटीला घर आणि मधल्या पांढऱ्या पट्टीला बोळ हेच शब्द रुजले. इंग्रजीत त्या पट्टीला गटर म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. बोळ हा शब्द मला जास्त खरा वाटतो, कारण बोळात माणूस चालतो. समजा, पहिल्या घरात एक मुलगा बॅट उगारून उभा आहे आणि दुसऱ्या घरात तोच मुलगा पलंगाखाली आहे. चेंडू उडाला, काच फुटली, काकू ओरडल्या, मुलगा धावत सुटला, यातलं काहीही चित्रकारानं काढलेलं नाही. ते सगळं बोळात झालं आणि वाचणाऱ्यानं केलं. आजीला ते करायला वेळ लागायचा. मी पहिलं घर वाचून थांबायचे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं की पुढं जायचे. पुष्कळदा पुढच्या घरात पाऊल टाकायच्या आतच ती हसायला लागलेली असायची. शेवटची चौकट ऐकून माणूस हसतो असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती शेवटच्या बोळातच हसायची, आणि शेवटचं घर आल्यावर नुसती मान हलवायची.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चिंटू सुरू केला. चित्रं पंडितांची. त्यातली दुनिया एवढीशी होती: आई, पप्पा, जिवलग पप्पू, भांडायला मिनी, बगळ्या, राजू, शेजारी जोशीकाकू. या छोटेपणाचं मोल मला आजीमुळं कळलं. तीन घरांत कुणाची ओळख करून द्यायला जागाच नसते. माणूस आला की तो कसा आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक हवं. "जोशीकाकू आल्या," एवढं मी म्हणाले की आजी उशीला टेकून सावरून बसायची. पुढं काय होणार ते तिला माहीत नसायचं, पण कुणाकडून होणार ते माहीत असायचं. कालच्या, परवाच्या, दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या जोशीकाकू त्या एका शब्दात गोळा झालेल्या असायच्या. रोज येणाऱ्या चित्रमालिकेची खरी कमाई हीच. ती तीन घरांत मावत नाही, वाचणाऱ्याच्या मनात साठत जाते. म्हणूनच एखाद्या मालिकेचं एकच चित्र कुणाला दाखवून "बघ किती मजेशीर" म्हटलं की तो माणूस नुसता आपल्याकडं बघत राहतो.

सगळ्यात अवघड असायचं मुकं घर. मधल्या चौकटीत कुणीच काही बोलत नाही, फुगा नाही, चिंटू नुसता उभा. वाचायला काही नाही म्हणून सुरुवातीला मी ती चौकट सोडूनच द्यायचे, आणि गंमत तिथंच मरायची. मग मी सांगायला लागले, "दुसऱ्या घरात कुणी बोलत नाही." आजी विचारायची, "मग काय करतंय?" "बघतंय नुसतं." त्यावर आजीही तेवढाच वेळ गप्प राहायची. त्या गप्प राहण्याचं माप मला हळूहळू सापडत गेलं. एक श्वास फार थोडा व्हायचा, तीन श्वास फार. दोन बरोबर. काका घरी तबला वाजवायचे. तालात खाली जशी येते, डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि तरी मात्रा चालू राहते, तसं ते घर होतं. ते काढून टाकलं तर पुढची सम कुठं आली तेच कळत नाही.

जपानी वर्तमानपत्रांत चार घरांची उभी मालिका चालत आली आहे आणि त्या चार घरांना चार कामं वाटून दिलेली आहेत: सुरुवात करायची, तीच पुढं न्यायची, वळण घ्यायचं, आणि सगळं एकत्र आणून ठेवायचं. ही मांडणी मूळ चिनी चार ओळींच्या कवितेतून आलेली. माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ ते १९७४ 'साझाए-सान' ही अशीच चार घरांची मालिका काढली, एका साध्या कुटुंबाची. यातलं मला भावलेलं म्हणजे वळण तिसऱ्या घरात येतं. चौथं घर वळणानंतर दम खायला असतं. तीन घरांच्या मालिकेला ही चैन परवडत नाही, तिथं शेवटच्या घरातच फटाका वाजवावा लागतो.

चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स'ला चार घरं मिळाली ती मात्र जागेच्या टंचाईमुळं. २ ऑक्टोबर १९५० ला सात पेपरांत ती सुरू झाली. चारही चौकटी अगदी एका मापाच्या, म्हणजे संपादकाला हव्या तर आडव्या लावाव्यात, हव्या तर उभ्या, हव्या तर दोनावर दोन. थोडक्या जागेत बसणारा माल म्हणूनच ती विकली गेली. एखादं घर मोठं करायची मुभा चित्रकाराला नाही. शुल्झ यांनी त्या सारख्या मापाच्या घरांत जे केलं त्यापुढं मला आजही हात जोडावेसे वाटतात. मोठ्यानं काही करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी हळू आवाजातलं केलं. चौथ्या घरात एक मुलगा उसासा टाकतो, आणि बस. पन्नास वर्षांत १७,८९७ चित्रमालिका त्यांनी काढल्या. शेवटची १३ फेब्रुवारी २००० ला रविवारच्या पेपरांत आली, आणि तिच्या आदल्या रात्री ते गेले.

एकाच घराच्या चित्रांशी माझी वेगळी झटापट चालायची. काकांकडं 'टाइम्स' यायचा आणि त्यात आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. १९५१ पासून तो त्या पानावर उभा. कधीच बोलत नाही. पुढारी काय म्हणाला ते मी जमेल तसं मराठीत सांगायचे आणि मग आजीचा ठरलेला प्रश्न, "आणि तो?" "तो बघतोय." रोज तेच उत्तर, आणि रोज ते वेगळं ऐकू यायचं. पुढाऱ्याच्या बोलण्यावर ती कधी हसली असेल असं मला आठवत नाही. "तो बघतोय" म्हटल्यावर मात्र हसायची.

शि. द. फडणीस यांची चित्रं तर बिनशब्दांचीच. ते आमच्याच मुलखातले, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, १९२५ चा जन्म. 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावरचं त्यांचं एक जुनं चित्र फार गाजलं. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी उभे, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. डोळ्यांनी बघणाऱ्याला हे सगळं एका झटक्यात मिळतं. आजीला सांगताना आधी काय सांगायचं? पहिल्यांदा मी मांजरं आणि उंदीर सांगून मोकळी झाले, मग माणसं. चित्र पडलं. काही दिवसांनी तेच पुन्हा सांगितलं: दोघं उभे आहेत, एकमेकांना ओळखत नाहीत, चेहरे एकदम सभ्य. तिच्या कपड्यांवर असं असं. मग थांबले. मग त्याच्या कपड्यांवरचं. आजी इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. एका घराच्या चित्रातसुद्धा बोळ असतो, तो त्या घराच्या आतच कुठंतरी दडलेला असतो. फडणीस तो बरोबर जागी खणून ठेवतात, आणि बघणाऱ्याची नजर आपोआप त्यातून जाते.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणत गोष्ट पुढं न्यायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. शाळेत दरवर्षी रंगभूमी दिनाला हे ऐकताना मला वाटायचं की कॉटवर बसून मी करते ते सूत्रधाराचंच काम आहे. फुग्यातली भाषणं चिंटूची. "इकडं आई आली, तिकडं पप्पू पळाला" हे माझं.

रोज क्रमशः चालणाऱ्या मालिका आजीला पटकन कळल्या. काकांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे होते, त्यात वेताळ. ली फॉक यांचा हा फँटम १९३६ पासून अमेरिकेतल्या पेपरांत रोज तुकड्या-तुकड्यांनी यायचा, आणि इंद्रजालवाले ते तुकडे जोडून पुस्तक करायचे. वाचताना मध्येच तीच गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखी वाटायची. मला ते चुकल्यासारखं वाटायचं. आजी म्हणाली, "चुकलं नाही. पुराणिकबुवा बसले की आधी काल कुठं थांबलो ते सांगतात. काल न आलेली बाई पण असती की समोर." रोजच्या मालिकेचं गणित इतकं नेमकं मला नंतर कुणी सांगितलं नाही. पहिल्या घरात कालची आठवण, मधल्या घरात एकच पाऊल पुढं, शेवटच्या घरात उद्याची ओढ. दिवसाला एक पाऊल. म्हणून वेताळाची एक मारामारी आठ-आठ दिवस चालायची.

२००५ च्या जुलैअखेरीस कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीतल्या लहान पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी त्याच्या पुष्कळ वर गेलं. गावभागातून आम्ही विश्रामबागेत आत्याकडं गेलो. आजीला काकांनी खुर्चीत बसवून उचलून नेलं. वीज नाही, रस्ते बंद, पेपर नाही. पहिले दोन दिवस आजी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, आत्याच्या घरातल्या परक्या कॉटवर, तिनं विचारलं, "काय करतंय ते पोरगं?"

मी बारा वर्षांची होते. पेपर आला नाही हे तिला सांगणं माझ्या जिवावर आलं. मी आत्याचा एक जुना पेपर घेतला, पानांचा आवाज केला आणि रचून सांगितलं. पहिल्या घरात चिंटू पुराच्या पाण्यात होड्या सोडतोय. दुसऱ्या घरात आई रागावते. तिसऱ्या घरात चिंटू म्हणतो, चुकलो आई, आता अभ्यासाला बसतो.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. "हे तू केलंयस."

"कशावरनं?"

"ते पोरगं ऐकणाऱ्यातलं नाही. आणि आज ऐकलं, शहाणं झालं, तर उद्या काय करायचं गं त्यानं?"

त्या वाक्याशी मी अजून बोलत असते. रोजच्या मालिकेतलं पोरगं शहाणं होऊ शकत नाही. संध्याकाळी त्याची पाटी कोरी होते आणि सकाळी ते पुन्हा तिथूनच सुरुवात करतं. त्याचं वय वाढत नाही, त्याची इयत्ता बदलत नाही. याच्या उलटही कुणी करून बघितलं आहे. १९२१ साली 'गॅसोलिन अ‍ॅली' या अमेरिकन मालिकेत दाराशी एक तान्हं बाळ सापडलं आणि ते वाचकांच्या बरोबरीनं मोठं होत गेलं, लढाईवर गेलं, संसारी झालं. कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांनी १९७९ पासून आपल्या मालिकेतल्या माणसांना असंच वाढू दिलं, आणि १९९५ मध्ये त्यातला म्हातारा कुत्रा मेला तेव्हा वाचक हळहळले. मोठं काम आहे ते, मला त्याविषयी आदर आहे. तरीही माझा जीव न वाढणाऱ्या पोरांकडं ओढला जातो. आजीचं सगळं बदललं होतं, नजर गेली, आजोबा गेले, त्या आठवड्यात तर घरही पाण्यात होतं. एक पोरगं कालच्यासारखंच खोडकर असणं तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रचलं. या वेळी चिंटू सुधारला नाही. "आज बरं केलंस," आजी म्हणाली, "पण शेवटच्या घरात बोललीस फार. मला कळलं होतं की आधीच." पुढचे तीन दिवस मी शेवटच्या घरातले शब्द कमी करत गेले. शेवटच्या दिवशी तिथं एकही शब्द नव्हता. चिंटू नुसता छत्री उघडतो. खोलीत.

"बोळ चांगला केलास," आजी म्हणाली.

पूर ओसरला. चिखल काढून, भिंती धुऊन आम्ही घरी आलो तेव्हा पेपरवाल्यानं थांबलेले सातही पेपर बांधून ठेवले होते, काठाला ओल लागलेले. मी आनंदानं एकापाठोपाठ वाचायला लागले. पहिला झाल्यावर आजीनं हात वर केला. "बाकीचे उद्या-परवा."

"अगं पण आजचा पण आलाय."

"येऊ दे. एका दिवशी एकच."

आणि खरोखर ती त्यावरच राहिली. रोज नवा पेपर यायचा, तो मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचे आणि वरचा काढायचे. आम्ही दोघी सांगलीच्या सात दिवस मागं राहत होतो. चिंटूच्या घरी दिवाळी संपलेली असायची तेव्हा आमच्याकडं तो किल्ला करत असायचा. काका नाश्त्याला हसले की आजी दटावायची, "सांगायचं नाही." मीही त्या पानाकडं बघायचं नाही असा आमचा करार होता. शाळेत मैत्रिणी आजचा चिंटू सांगायला लागल्या की मी नळावर पाणी प्यायला जायचे. दोन दिवसांच्या मधली रात्र हाही बोळच होता, आणि आजीनं तो कधी ओलांडला नाही.

त्याच काळात वाचनालयातल्या इंग्रजी पेपरात मला बिल वॉटरसन यांचे केल्विन आणि हॉब्ज भेटले. १९८५ ते १९९५ अशी दहाच वर्षं चाललेली ती मालिका, ३,१६० भागांची, मग जगभर पुनःपुन्हा छापली गेली. रविवारच्या पानाची आणखी एक गोष्ट मी तिथंच वाचली. वरची ओळ पेपरवाले जागेसाठी कापून टाकतात, म्हणून चित्रकाराला तिथली गंमत अशी करावी लागते की ती गेली तरी खालची गोष्ट उभी राहील. वॉटरसन यांनी १९९२ पासून हे मोडलं, अर्धं पान अखंड मागून घेतलं, आणि मग घरं हवी तशी लहानमोठी केली. आजीला हे सांगताना मी अडखळले ते दुसरीकडंच. हॉब्ज हा वाघ केल्विन या पोराजवळ जिवंत असतो, आणि तिसरं कुणी आलं की त्याच चौकटीत कापसाचा होतो. मला वाटलं, न दिसणाऱ्या माणसाला हे कसं समजावणार. आजीनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. "गणपतीसमोर उभी राहिले की तो माझ्याशी बोलतो. शेजारचीला ते ऐकू येतंय होय?"

माझी भाची आता चित्रमालिका फोनवर बघते. एका वेळी पडद्यावर एकच घर, बोटानं सरकवलं की पुढचं. पेपरात असं नव्हतं. तिथं सगळी घरं एकदम समोर असतात आणि नजर चोरून शेवटच्या घरात जाऊन आलेली असते. चित्रकारालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो शेवटच्या घरातलं चित्र मुद्दाम शांत ठेवतो, चाहूल लागू नये म्हणून. फोनवर ती चोरी बंद झाली. भाची जशी वाचते तशी माझ्या ओळखीत आधी एकटी आजीच वाचत होती, पुढचं घर न दिसता. फक्त भाचीचं बोट फार लवकर सरकतं. मी तिच्या शेजारी बसते आणि म्हणते, थांब, दोन श्वास. ती थांबते, आणि कधी कधी पुढचं घर यायच्या आत हसते.

२००८ च्या फेब्रुवारीत आजी गेली, झोपेतच. आदल्या सकाळी मी तिला आठवडाभरापूर्वीचा चिंटू वाचून दाखवला होता. ती गेली त्या दिवशी गठ्ठ्यात सात पेपर होते. घरात माणसं होती, मी दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर दारात पडला. मी तो उचलून तळाशी सरकवला, वरचा काढला आणि कॉटच्या कडेला बसून वाचला, मोठ्यानं, बोळात थांबत. मग दुसराही वाचला. पुढं रोज दोन. तेरावं होऊन पाहुणे गेले, आणि एके सकाळी गठ्ठ्यात हात घातला तर एकच पेपर हाताला लागला. त्यावर त्याच दिवसाची तारीख होती.